राजानंदाचं पळतं अक्षर

जुन्या जालन्यात लोकांना नावं ठेवायचं काम माझं आणि ती पाट्यांवर लिहायचं काम राजानंदाचं. चाळीस वर्षं आम्ही दोघांनी हा धंदा भागीदारीत चालवला, असं म्हटलं तरी चालेल. मस्तगडात माझं शिलाईचं दुकान. माप द्यायला माणूस हात वर करून उभा राहिला की त्याचं तोंड आपोआप सुटतं, हे शिंप्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. छातीचं माप घेताना सासूची तक्रार, कमरेचं घेताना भावकीची. मी नुसता टेप धरायचो. अख्ख्या गावाची खबर बसल्या जागी जमा व्हायची, आणि आलेली खबर साठवून ठेवणारा मी नव्हे, हे माझे वैरीसुद्धा मान्य करतील.

राजानंद पेंटर माझ्याहून दहा वर्षांनी लहान. काटकुळा, कानावर ब्रश, आणि बोलणं इतकं कमी की त्याची बायको बेबीनंदा म्हणायची, "भाऊजी, ह्यांच्या तोंडात बी ब्रशच हाये. रंगात बुडवल्याबिगर चालत न्हाई."

त्याचे सदरे मीच शिवायचो. त्याची एकच अट असायची. उजवी बाही डावीपेक्षा इंचभर आखूड. ओल्या रंगाला कफ लागू नये म्हणून. लग्नाच्या सदऱ्यालाही त्यानं तीच अट घातली आणि मी शहाण्यानं ती पाळली. मांडवात नवरदेवाचे दोन हात दोन मापांचे दिसायला लागले. वहिनीच्या माहेरच्या बायांनी शिंप्याचा जो उद्धार केला तो मी मांडीवर पत्रावळ घेऊन, मान खाली घालून ऐकला. दोष माझा नाही, असं सांगायला राजानंदानं तोंड उघडलं नाही ते नाहीच.

तर ह्या राजानंदाचं अक्षर. उस्तादाकडे तो शिकला ते ठोकळा अक्षर. खडूत घोळलेली दोरी भिंतीवर ताणायची, मधोमध उचलून सोडायची, सरळ रेघ उमटते. वर एक, खाली एक. त्या दोन रेघांत अक्षरं बसवायची, पलटणीतले शिपाई उभे करावेत तशी. शाळा, सोसायटी, खताचं दुकान, सगळीकडे तेच. सुबक काम, पण चार पाट्या पाहिल्या की पाचवी न पाहता वाचता येत होती.

पळतं अक्षर आलं ते अप्पारावाच्या घाईतून. अप्पाराव म्हणजे मोसंबीवाला, अंबडकडचा. एकदा सकाळी त्यानं ट्रॅक्टर-ट्रॉली थेट माझ्या दुकानासमोर लावली. ट्रॉलीत सगळं खटलं बसलेलं, पोरंबाळं, डबे, एक म्हातारी आणि तिची कोंबडी. राजानंद माझ्याकडे चहा पीत बसलेला.

"पेंटर, ट्रॉलीवर नाव टाका. जल्दी. जांब समर्थला दर्शनाला जाऊन राह्यलो."

"इंजिन तर बंद करा," राजानंद म्हणाला.

"बंद केलं तर पुन्हा चालू होत न्हाई. असंच टाका."

पत्रा धडधडत होता. दोरी धरायला जागा नाही, खडू टेकवला तर उड्या मारत होता. राजानंदानं सावकाश 'अ' काढायला घेतला आणि तो गारठलेल्या माणसासारखा थरथरत उमटला. त्यानं चिंधीनं पुसला. मिनिटभर ट्रॉलीकडे बघत उभा राहिला. मग गोल ब्रश रंगात पुरता बुडवला, श्वास घेतला आणि पत्र्याला थरथरायला सवडच न देता अख्खं नाव एका दमात ओढून काढलं.

मी ते अक्षर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चहाची बशी हातातच राहिली. सगळी अक्षरं पुढं झुकलेली, एसटी सुटायला लागल्यावर धोतर आवरत धावणाऱ्या माणसासारखी. सुरुवातीला जाड, कडेला ब्रश सुकत गेल्यानं विरळ, तिथं रंगातून पत्रा दिसायचा. काना खाली येता येता जरा आत वळलेला. वेलांटी खांद्यावरच्या उपरण्यासारखी मागं उडालेली. आणि सगळ्यात शेवटी, नावावरची आडवी रेघ. तीही सरळ नाही. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत एका श्वासात मारलेली, मधे जराशी उचललेली, पुन्हा खाली आलेली. बघणाऱ्याला वाटावं, कुणी आपल्याला हाक मारली आणि पुढं निघूनही गेलं.

अप्पारावानं बघितलं न बघितलं आणि गाडी हाणली. पण ती ट्रॉली अर्धा जिल्हा फिरली. महिन्याभरात लोक येऊन विचारायला लागले, "ते ट्रॉलीवालं अक्षर तुमचंच का?"

पुढची पंचवीस वर्षं रिक्षा, बर्फाच्या गोळ्याच्या गाड्या, पानटपऱ्या, रसवंत्या, बँडवाले सगळ्यांना तेच हवं झालं. पण राजानंदाचे नियम होते. ते अक्षर तो वाटेल त्याला द्यायचा नाही. एका डॉक्टरनं मागितलं तर सरळ नाही म्हणाला.

"काऊन?" मी विचारलं.

"दवाखान्यात माणूस आधीच भेलेला असतो. त्यात पाटीवरचं अक्षरच पळून राह्यलं तर पेशंट कशाला थांबंल?"

कोर्टाबाहेरच्या वकिलाला नाही, शाळेला नाही, भाषणाच्या फलकाला नाही. जिथं माणूस खुशीनं येतो, चार घटका बसतो, जीभ सैल सोडतो, तिथं पळतं अक्षर. असा त्याचा कायदा.

आणि दुसरी खोड. ज्याची पाटी त्याच्याबरोबर चहा प्यायल्याशिवाय ब्रशला हात लावायचा नाही. स्वतः बोलायचा नाही, समोरच्याला बोलू द्यायचा. त्यातूनही माणूस नाही कळला तर माझ्याकडे यायचा. "कल्याणभाऊ, ह्यो धर्मराज सायकलवाला कसा हाये?" मग मी टेप गळ्यात टाकून सुरू व्हायचो. दुसऱ्या दिवशी पाटी लागायची आणि त्यात ते सगळं उतरलेलं असायचं. धर्मराज चिक्कू, तर त्याची अक्षरं एकमेकांना चिकटलेली, आवळलेल्या मुठीसारखी. गिरिजाबाईची खानावळ, तर 'ग'चं पोट पुढं आलेलं, जेवून सुपारी चघळत बसल्यासारखं. माझ्या पाटीवर त्यानं 'टेलर'च्या शेवटच्या 'र'ची शेपटी अशी लांब सोडली की ती पाटीबाहेर जाऊन चौकटीवर चढली. मी म्हणालो, हा दोरा आहे ना? तर म्हणतो, "न्हाई. तुमची जीभ हाये."

गावभर अशी नावं लिहिणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या दाराला मात्र पाटी नव्हती. वहिनी टोमणा मारायची, "गावाला नावं, अन् घराला कोरं दार." हा नुसता हसायचा.

फ्लेक्स आला आणि पाट्या उतरायला लागल्या. रात्रीत छापून सकाळी टांगतात, त्यावर माणसाचा फोटो माणसापेक्षा गोरा. राजानंद म्हणायला लागला, आता कोण पाट्या रंगवतो, मी सोडलं काम. लोकांना पटलं. मलाही पटलं होतं.

तीन वर्षांपूर्वी तो कापड घेऊन आला. मी सवयीनं उजवी बाही इंचभर कमी लिहायला लागलो, तर म्हणाला, "न्हाई. उजवी लांब ठेवा. बोटांवर येऊ द्या."

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. माप घेण्यासाठी मी त्याचा हात धरला, आणि टेपचं पितळी टोक टिकटिक टिकटिक हलायला लागलं. माझा हात हलत नव्हता.

मी आकडा लिहून घेतला. तेवीसच्या जागी सव्वीस.  तुम्हाला आधीच सांगितलंय मी कसला माणूस आहे. सख्ख्या मेव्हण्याची भानगड मी संध्याकाळपर्यंत दाबून ठेवू शकलो नव्हतो. पण ही एक बातमी मी तीन वर्षं पचवली. घरी बायकोला, आमच्या सुरेखालाही सांगितली नाही, आणि ती तर माझ्या मौनावरून ओळखणारी बाई.

मग गेल्या माघात त्याची लेक आली. अक्षता. पुण्यात ती अक्षरं बनवायचंच काम करते, पण कॉम्प्युटरवर. लहानपणी माझ्या दुकानात चिंध्यांवर बसून बापाच्या रिकाम्या डब्यांवरची नावं वाचायला शिकलेली पोरगी. पंधरा दिवसांची रजा काढून आली होती आणि आल्या आल्या म्हणाली, "बाबा, तुमच्या पळत्या अक्षराचा मला फॉन्ट करायचाय."

राजानंदाला वाटलं, फ्लेक्सवाल्याकडची काहीतरी भानगड. तिनं समजावलं. एकेक अक्षर कागदावर लिहायचं, ते मशीनमध्ये घालायचं, मग कुणीही कुठंही टाइप केलं की बाबांच्या हातचं उमटणार. लोणच्याच्या बरणीवर, लग्नाच्या पत्रिकेवर, चहाच्या दुकानावर.

"म्हंजे फ्लेक्सवाल्यांनी पाटी घेतली, आता अक्षर बी घ्यायचं," तो म्हणाला आणि उठून गेला.

दोन दिवस वहिनीनं त्याच्याशी अबोला धरला. त्याच्याशी अबोला धरणं म्हणजे विहिरीवर रुसणं, पण ह्या वेळी विहीर हलली. तिसऱ्या दिवशी तो बसला. अक्षतानं टेबल मांडलं, पांढरे जाड कागद, काळी शाई, पेन्सिलीनं आखलेल्या चौकटी. क, ख, ग, घ. एका चौकटीत एक. आणि म्हणाली, "आरामात लिहा बाबा, घाई न्हाई."

त्यानं लांब बाही मागं सारली आणि 'क' काढला. आरामात. मग 'ख'. मग पोरीनं कागदाकडे पाहिलं, आणि मग बापाच्या हाताकडे. अक्षरं मेलेली होती आणि कडा करवतीसारख्या. राजानंदानं ब्रश पाण्याच्या डब्यात टाकला, बाही खाली ओढली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

हे मला अक्षतानंच सांगितलं, दुकानात येऊन. माप द्यायच्या स्टुलावर बसली होती. "काका, तुम्हाला माहीत होतं ना?"

"सदरा कोण शिवतं त्यांचा?"

ती बराच वेळ गुंड्यांच्या डबीशी खेळत राहिली. "डॉक्टरला दाखवलंय म्हणाली आई. गोळ्या चालू हायेत. पण वाढत जाणार. आत्ता जेवढा हात राहिलाय तेवढाच. हे अक्षर त्यांच्याबिगर कुणाला येत न्हाई काका. पाट्या तर सगळ्या भंगारात गेल्या. माझ्याकडे बारा दिवस हायेत. ते पुन्हा ब्रश धरायचेच न्हाईत, तर मी काय घेऊन जाऊ?"

ती गेली. मी एका पँटची शिवण उसवत बसलो. डोक्यात ती चौकट आणि त्यातला एकटा 'क'. आणि मला हसायला आलं. दोघं बापलेक किती शहाणे, आणि केवढी चूक. राजानंदानं जन्मात कधी 'क' लिहिला होता का? त्यानं लिहिला तो कुणाचा तरी 'क'. कासमच्या रसवंतीचा, किंवा माझा, कल्याणचा. नाव नाही, गाव नाही, चहा नाही, चुगली नाही, आणि त्या माणसाला म्हणतात लिहा. वर म्हणतात आरामात.

दुसऱ्या दिवशी दुकान लवकर बंद करून मी त्यांच्या घरी गेलो. हातात भज्यांचा पुडा. टेबल उचलून मोरीशेजारी नेऊन ठेवलं. पत्र्याची एक जुनी पाटी भिंतीला टेकवून उभी केली, तिच्यावर अक्षताकडून मोठा कागद चिकटवून घेतला. चौकटी नाहीत.

"राजा, अप्पारावाचं कळलं का?"

तो ओट्यावरून बघत होता. "काय?"

"म्हातारपणी मोबाइल घेतलाय त्यानं. त्यावर बाई बोलते ना, पुढच्या चौकात डावीकडे वळा, तिच्याशी भांडून राह्यला. म्हणतो, मी चाळीस वर्षं ह्या रस्त्यानं मोसंबी नेली, तू कोण मला सांगणारी. परवा रागानं उजवीकडे वळला अन् थेट शिंद्याच्या लग्नात घुसला. ट्रॉलीसकट. आता आलोच म्हणून जेवून बी आला."

राजानंदाच्या गालावरची सुरकुती हलली. मी पुडा उघडला. म्हणालो, "ती ट्रॉली आठवते का? इंजिन चालू, पत्रा धडधडतोय. तू पहिला 'अ' काढला तो कसा आल्ता?"

"थरथरत आल्ता."

"मंग काय केलं?"

तो उठला नाही. भजं हातात तसंच. बसल्या जागीच म्हणाला, "तवा ट्रॉली हालत होती."

"अन् आता?"

त्यानं भजं ठेवलं, हात सदऱ्याला पुसले. मग आमच्या तिघांदेखत उजवी बाही कोपरापर्यंत दुमडली. हात चांगलाच हलत होता. अक्षता खाली बघायला लागली. त्यानं ब्रश शाईत पुरता बुडवला, कागदासमोर उभा राहिला आणि 'अप्पाराव' एका दमात ओढलं. शेवटी वरची रेघ.

कडा साफ. 'अ' जांबला निघालेला, पोराबाळांसकट. वहिनी चुलीपाशी उभी होती, ती नुसती म्हणाली, "चहा टाकते."

पुढचे अकरा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात उपयोगाचे दिवस. चुगलीनं कुणाचं भलं झाल्याचं मी तरी दुसरं उदाहरण पाहिलेलं नाही. अक्षतानं कागदावर लागणाऱ्या अक्षरांची यादी केली होती. मला अक्षर सांगायची, मी त्या अक्षराचा माणूस शोधून काढायचो. 'ठ' पाहिजे? ठोंबरे गुरुजी, ज्यांनी टोपीखाली टक्कल आहे हे बायकोपासून दोन वर्षं लपवलं. 'झ'? झुंबरबाई, जिची म्हैस शेजाऱ्याच्या दारात जाऊन दूध द्यायची. मी सांगायचो, राजानंद ऐकायचा, मधेच हात वर करून मला गप्प करायचा, की समजावं, माणूस कळला. आणि ब्रश पळायचा. सकाळी गोळी घेतल्यावर तासभर हात बरा असायचा. तेवढ्यात पाच-सहा नावं. मग अक्षरं थरथरायला लागली की पोरगी आपणच ब्रश धुवायला घ्यायची.

एक 'ङ' अडला. मी म्हणालो, "पोरी, ह्या अक्षराचा माणूस मराठवाड्यात पैदा झाला न्हाई."

"पण फॉन्टात लागतोच काका."

मग काय, मी पैदा केला. ङगोजी, माझ्या पणजोबांचा साडू. मुलगी बघायला गेला, पोहे आवडले, मुलगी नाही. तर पोह्यांसाठी चार वेळा तीच मुलगी बघून आला. पाचव्या वेळी मुलीनंच दार लावून घेतलं. राजानंद इतका हसला की खाली बसला. हसता हसता उठून त्यानं जो 'ङ' काढला, अक्षता म्हणते, सगळ्या फॉन्टात तोच सगळ्यात जिवंत आहे.

नावं कापून वेगळी करताना मला भीती होती. वरची रेघ तर एका श्वासातली. 'गिरिजा'मधला 'ज' उचलून 'राजा'त बसवला तर रेघ जुळणार कशी? मी शिंपी. मी सांगितलं, "दोन्ही कडांना जरा जास्तीचं ठेवून काप. अन् खूण एका जागी. मधे रेघ कितीबी वर-खाली होऊ दे, सुरू होते तिथं अन् संपते तिथं सारख्याच उंचीवर आण. कॉलर अशीच बसवतो आम्ही."

पोरगी म्हणाली, "काका, हे पुण्यात आम्हाला सहा महिने शिकवलं."

"फुकट सांगितलं म्हणून किंमत न्हाई," मी म्हणालो.

शेवटच्या दिवशी यादीतलं सगळं झालं. अक्षता कागद गोळा करत होती, राजानंद बाही खाली सोडणार, तेवढ्यात वहिनी चुलीपासून उठून आली. हात पदराला पुसत कागदांकडे बघत राहिली.

"झाली का सगळ्यांची नावं?"

"झाली," तो म्हणाला.

"चिक्कू धर्मराज झाला. म्हशीवाली झाली. जो जन्माला आला न्हाई तो ङगोजी बी झाला. अडतीस वर्षं झाली आपल्या लग्नाला. माझं कवा लिहिताव?"

मी भज्यांच्या कागदात तोंड घातलं. अशा वेळी शिंप्यानं दिसू नये.

राजानंद म्हणाला, "माणूस कळल्याबिगर मी लिहीत न्हाई, तुला ठावं हाये."

"मंग?"

"तू अजून कळूनच राह्यलीस."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं, जणू हे मीच त्याला शिकवलं होतं. "बघा भाऊजी. अडतीस वर्षांत एक वाक्य बोलले, अन् ते बी न लिहायचा बहाणा म्हणून." आणि चुलीकडे वळली.

तिच्या पाठीकडे बघत तो म्हणाला, "कागद न्हाई. ती पाटी दे इकडं."

अक्षतानं कागद काढून पत्र्याची पाटी दिली. त्यानं ब्रश घेतला. मी म्हणालो, राजा, गोळीचा तास होऊन गेलाय, उद्या लिही. त्यानं ऐकलं नाही. आणि त्याला मी आयुष्यात पहिल्यांदा पाटीसमोर असा बघितला. तो पळाला नाही. 'ब'चा पोटातला गोल त्यानं हळूहळू फिरवला. मात्रा दिली ती जपून. दुसरा 'ब', वेलांटी. प्रत्येक अक्षरापाशी थांबत होता, आणि तो थांबला की हात हलत होता, आणि हात हलला की रेघ हलत होती. वरची रेघ काढायला त्याला किती वेळ लागला मी सांगत नाही. चुलीवर चहा उतू गेला आणि कुणी उठलं नाही.

'बेबीनंदा'. प्रत्येक काना थरथरलेला.

त्यानं बघितलं आणि चिंधी उचलली. "पुसतो. उद्या सकाळी नीट टाकून देतो, पळतं."

वहिनीनं त्याच्या हातातून चिंधी काढून घेतली, पाटी उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन वाळत ठेवली. 

अक्षता गेली. चार महिन्यांनी फॉन्ट झाला. नाव ठेवलं 'मस्तगड'. मी म्हटलं होतं 'ङगोजी' ठेव, पण पुणेकर. आता तो सगळीकडे दिसतो. अंबडच्या एका लग्नाच्या पत्रिकेवर 'सप्रेम' त्याच अक्षरात आलं. बचत गटाच्या पापडाच्या पिशवीवर आहे, रिक्षांच्या पाठीवर आहे, अक्षता म्हणते पुण्यात एका चहावाल्याकडे आहे. मध्यंतरी आमच्याच गल्लीत फ्लेक्स लागला. मी राजानंदाला हात धरून नेलं. तो खाली उभा राहून वाचायला लागला आणि त्याच्या कपाळावर आठी आली. दातांचा दवाखाना.

"सांगितलं होतं," तो म्हणाला. "दवाखान्याला न्हाई चालत."

"आता तू कुणाकुणाला चहा पाजणार?" मी म्हणालो. तो पुटपुटत राहिला, पण निघेना. गर्दीत मान वर करून आपलंच अक्षर बघत राहिला. अक्षरांवर त्याचा हक्क गेला होता आणि हात तर गेलाच होता, आता कप दोन्ही हातांनी धरतो. पण 'द'ची ती पायरी उतरल्यासारखी शेपटी, ती त्याचीच. त्या अकरा दिवसांत काढलेल्या दैवशालाबाईच्या नावातली. ती कुणाची हे मला आणि त्याला ठाऊक, त्या दवाखान्याला काय.

अक्षतानं पुण्याहून आईसाठी दाराची पाटी पाठवली. नव्या फॉन्टात छापलेली, चकचकीत, 'बेबीनंदा - राजानंद'. कडा साफ, अक्षर पळतंय. वहिनीनं ती पाहिली, पोरीला फोनवर छान म्हणाली आणि तांदळाच्या डब्यावर ठेवून दिली. दाराला खिळा ठोकला तो जुन्या पत्र्याच्या पाटीला.

मी गेलो तेव्हा राजानंद ओट्यावर बसून तिच्याकडे बघत होता. "भाऊ, सांगा हिला. सगळं हललंय. येणारा-जाणारा काय म्हणंल?"

वहिनी आतूनच म्हणाली, "हालू द्या. गावासाठी पळत पळत लिहीत होते. माझ्यापाशी थांबून लिहिलेलं हे एकच हाये."

मी ओट्यावर त्याच्याशेजारी टेकलो.  तिनं चहा आणला, अर्धाच कप, सांडू नये म्हणून, आणि त्याच्या दोन्ही हातांत दिला.

परवा तो दुकानात आला. अंगावर तोच लांब बाहीचा सदरा. बाही दुमडून दुमडून सुरकुतलेली. "कल्याणभाऊ, ही उजवी आखूड करून द्या."

"किती?"

"पहिल्यासारखी. डावीपेक्षा इंचभर."

मी टेप काढला. पितळी टोक टिकटिक करायला लागलं. ह्या वेळी तो कॅलेंडरकडे बघत नव्हता. टोकाकडेच बघत होता, आणि मी आकडा लिहीपर्यंत त्यानं हात तसाच पुढं धरून ठेवला.